ओळख आणि मान्यता : संघम रेडिओच्या निमित्ताने

१

जुलै २०२३ मध्ये नवी दिल्ली येथे राष्ट्रीय सामुदायिक रेडिओ पुरस्कार प्रदान करण्यात आले. त्यांतील दोन पुरस्कार नाशिकच्या 'रेडिओ विश्वास' या केंद्राला लाभले. कोविडच्या साथीत शाळांची दारे बंद झाली असता गरीब घरांतील मुलांपर्यंत नभोवाणीवरून धडे पोहोचवण्याचे काम या केंद्राने केले होते. शिक्षक धडे ध्वनिमुद्रित करीत आणि मुले ते घरी बसून ऐकत. त्या कामाची दखल देशपातळीवर घेतली गेली, याचा आम्हांला मनापासून आनंद झाला.

मात्र त्या आनंदाबरोबरच एक प्रश्न मनात आला आणि तो अद्याप गेलेला नाही. एखादे लहानसे प्रसारमाध्यम आपल्या परिसरातील माणसांच्या गोष्टी सांगते आणि बाहेरचे जग त्याची वाखाणणी करते, तेव्हा त्या माध्यमाच्या यशाचे माप कोणते मानावे? या ठिकाणी मराठीत आपण दोन शब्द सैलपणे वापरतो : मान्यता आणि ओळख. मान्यता दूरची माणसे देतात. ती मानपत्रावर लिहिता येते. ओळख पटते ती जवळच्या माणसाला. आपली बोली, आपले अंगण, आपले दुःख पडद्यावर किंवा रेडिओवर सामोरे आले की तो म्हणतो, 'हे आमचेच.' पुष्कळदा या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात. परंतु एकीपाठोपाठ दुसरी आपोआप येतेच असे नाही.

प्रस्तुत लेखात दोन उदाहरणांच्या आधारे आम्ही हा प्रश्न तपासणार आहोत. पहिले उदाहरण गुजरातमधील असून ते आता इतिहासजमा झाले आहे. दुसरे तेलंगणातील आहे आणि त्याचाच विचार विस्ताराने करावयाचा आहे. शेवटी आपल्या घराकडेही वळावे लागेल, कारण हा प्रश्न आमच्या मनात का रुतून बसला, त्याचे उत्तर तेथे आहे.

२

गुजरातमधील खेडा जिल्हा म्हणजे जुना चरोतर प्रदेश. सहकारी दुग्धव्यवसायामुळे त्याचे नाव देशभर झाले. आपल्या गुजराती कॅथलिक बांधवांची कितीतरी गावेही याच पट्ट्यात आहेत. १९७५ मध्ये या जिल्ह्यातील पीज या गावी दूरचित्रवाणीचा एक कमी शक्तीचा प्रक्षेपक उभा राहिला. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून अमेरिकी उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवण्याचा 'साइट' हा प्रयोग सुरू झाला होता. तो प्रयोग एका वर्षाने संपला. पीजचे प्रक्षेपण मात्र पुढे चालू राहिले आणि अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्रातील मंडळींनी त्यातून एक वेगळेच काम उभे केले.

त्या काळी दूरचित्रवाणी म्हणजे शहरातून खेड्याला मिळणारा उपदेश, अशीच रीत होती. खेडा प्रकल्पाने ही दिशा थोडी बदलली. कार्यक्रम रचण्यापूर्वी संशोधक गावांत जात, लोकांच्या अडचणी समजून घेत आणि कार्यक्रम दाखवल्यावर तो लोकांना कितपत पोहोचला हेही पाहत. लिहिण्यात आणि अभिनयात स्थानिक माणसांना वाव मिळाला. पात्रे चरोतरी वळणाची गुजराती बोलू लागली. 'चतुर मोटा' ही मालिका लोकप्रिय झाली. 'दाद फरियाद' या कार्यक्रमात ग्रामस्थांच्या तक्रारी मांडल्या जात आणि संबंधित अधिकाऱ्यांना त्यांची उत्तरे द्यावी लागत. गावातल्या सामायिक संचासमोर संध्याकाळी बसलेल्या शेतमजुराला सरकारी माणसाने उत्तर देणे भाग पडते, हे दृश्य त्या काळाचा विचार करता साधे नव्हते.

१९८४ मध्ये युनेस्कोने ग्रामीण संज्ञापनासाठीचा आपला पुरस्कार या प्रकल्पाला दिला. पॅरिसमध्ये चरोतरचे नाव झाले. आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे १९८५ मध्ये, पीजचा प्रक्षेपक बंद करण्यात आला. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांनंतर दूरदर्शनचे जाळे झपाट्याने पसरले होते. दिल्लीहून येणारा 'राष्ट्रीय कार्यक्रम' घरोघरी दिसू लागला होता. मोठ्या शहरांचे शक्तिशाली प्रक्षेपक आल्यावर एका खेड्यातील लहान प्रक्षेपकाची गरज काय, असा हिशेब झाला. गावकऱ्यांनी विरोध केला. परंतु निर्णय फिरला नाही.

या घटनेचा अर्थ आम्ही असा लावतो. खेड्यातील माणसांना ओळख लाभली होती. म्हणून तर ती आपल्या प्रक्षेपकासाठी उभी राहिली. जगाची मान्यताही लाभली होती. तरीही केंद्र टिकले नाही, कारण ते लोकांच्या गोष्टी सांगत असले तरी लोकांचे नव्हते. ज्या हातांनी ते उभारले त्याच हातांनी ते मिटले. खेडा प्रकल्पातील मंडळींच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हांला तिळमात्र शंका नाही. परंतु गोष्ट ज्याची, त्याच्या हाती साधनाची किल्ली नसेल, तर पारितोषिक त्या साधनाचे रक्षण करू शकत नाही, हा धडा पीजने दिला आहे.

३

दुसरे उदाहरण येथूनच सुरू होते, आणि तेही एका माणसाच्या द्वारे. पी. व्ही. सतीश हे मूळचे म्हैसूरचे पत्रकार. त्यांनी दूरदर्शनमध्ये निर्माता म्हणून अनेक वर्षे काम केले आणि 'साइट' प्रयोगातही त्यांचा वाटा होता. वरून खाली जाणाऱ्या माध्यमाची ताकद आणि मर्यादा या दोन्ही त्यांनी आतून पाहिल्या होत्या. १९८३ मध्ये काही सहकाऱ्यांसह त्यांनी 'डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी' ही संस्था स्थापन केली आणि त्या वेळच्या मेदक जिल्ह्यातील, आजच्या संगारेड्डी जिल्ह्यातील, झहीराबाद परिसर आपले कार्यक्षेत्र म्हणून निवडला. १९ मार्च २०२३ रोजी त्यांचे निधन झाले.

हा परिसर आपल्याला वाटतो तितका परका नाही. निजामाच्या राजवटीत तो मराठवाड्याबरोबर एकाच राज्यात होता. बीदर तेथून जवळ आहे. तांबडी, हलकी माती, बेभरवशाचा पाऊस आणि कोरडवाहू शेती, हे चित्र आपल्या दुष्काळी तालुक्यांतील वाचकाला ओळखीचेच वाटेल. या भागातील सुमारे पंच्याहत्तर गावांत गरीब स्त्रियांचे 'संघम', म्हणजे संघ, उभे राहिले. त्यांतील बहुसंख्य स्त्रिया दलित होत्या आणि पुष्कळजणी कधी शाळेत गेलेल्या नव्हत्या. त्यांनी पडीक जमिनी पुन्हा पिकाखाली आणल्या. ज्वारी, बाजरी, राळा, कोद्रा अशी मागे पडलेली धान्ये पेरली. बियाणे विकत न घेता घरी राखले आणि एकमेकींना उसने दिले. दर वर्षी संक्रांतीच्या सुमारास सजवलेल्या बैलगाड्यांतून हे बियाणे गावोगाव मिरवत नेण्याची प्रथाही त्यांनी सुरू केली.

बियाण्याविषयी जो विचार त्यांनी केला, तोच पुढे शब्दाविषयी केला, असे म्हणता येईल. आपले ज्ञान बाहेरच्याने यावे, लिहून न्यावे आणि आपल्यालाच परत शिकवावे, हे त्यांना नको होते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात युनेस्कोच्या साहाय्याने माचनूर या गावी त्यांच्यासाठी ध्वनिमुद्रणाची सोय आणि नभोवाणी केंद्र उभे राहिले. गावातल्याच तरुणींनी ते चालवण्याचे शिक्षण घेतले. सारे सिद्ध झाले. अडले ते परवान्यापाशी.

येथे कायद्याचा थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, प्रक्षेपणासाठी वापरल्या जाणाऱ्या आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांवर शासनाची किंवा कोणा एकाची मक्तेदारी असू शकत नाही. हा निर्णय देणाऱ्या पीठात महाराष्ट्राचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे होते. परंतु निर्णय आणि अंमल यांत मोठे अंतर पडले. प्रथम केवळ शिक्षणसंस्थांना परवानगी मिळाली. स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवण्याची मुभा देणारे धोरण नोव्हेंबर २००६ मध्ये आले. म्हणजे निकालानंतर अकरा वर्षांनी!

या मधल्या काळात माचनूरच्या स्त्रिया काय करीत होत्या? त्या ध्वनिमुद्रण करीत होत्या. हवेत सोडता येत नसलेले शेकडो तासांचे कार्यक्रम त्यांनी कॅसेटवर जमवले आणि त्या कॅसेट संघमच्या बैठकांत वाजवून ऐकवल्या. म्हाताऱ्यांच्या आठवणी, पेरणीची आणि खुरपणीची गाणी, झाडपाल्याची औषधे, सणांच्या कथा, बाळंतिणीची काळजी असे नाना विषय त्यांत होते. अखेर १५ ऑक्टोबर २००८ रोजी संघम रेडिओ ९०.४ या लहरीवर अधिकृतपणे सुरू झाला. आंतरराष्ट्रीय ग्रामीण महिला दिन तो हाच. उद्घाटनाला न्यायमूर्ती सावंत स्वतः उपस्थित होते. त्यांच्या लेखणीतून उतरलेले तत्त्व तेरा वर्षांनी एका खेड्यातील खोलीत बोलू लागले. जनरल नरसम्मा आणि अल्गोल नरसम्मा या दोघींनी हे केंद्र सांभाळले.

आमच्या मते त्या प्रतीक्षेच्या दहा वर्षांत संघम रेडिओचे सारे मर्म आहे. मान्यता नव्हती, परवाना नव्हता, श्रोता दूरवर पसरलेला नव्हता. तरी काम थांबले नाही. जो ऐकणार होता तो समोरच बसलेला होता. मान्यता पुढे आली. ओळख आधी घडली होती. पीजच्या कथेत हा क्रम असा नव्हता.

४

आता या माध्यमाचे मूल्यमापन कला म्हणून करावयाचे झाल्यास आपल्याला संघमच्या चित्रफितींकडे वळले पाहिजे. रेडिओच्या जोडीनेच, म्हणजे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून, काही संघम-स्त्रिया चित्रीकरण शिकल्या आणि त्यांनी 'कम्युनिटी मीडिया ट्रस्ट' या नावाने लघुपट काढले. आम्हांला तेलुगू येत नाही. उपशीर्षकांच्या आधारानेच आम्ही हे काम पाहिले आहे, हे प्रथमच नमूद करतो.

या स्त्रियांनी चित्रीकरणासाठी स्वतःची परिभाषा घडवली आहे आणि आमच्या दृष्टीने ती त्यांच्या साऱ्या कामाची गुरुकिल्ली आहे. कॅमेरा वर धरून खाली पाहावे किंवा खाली धरून वर पाहावे, असे दोन कोन प्रत्येक चित्रपटशाळेत शिकवले जातात. संघमच्या स्त्रियांनी या दोन कोनांना गावचा 'पटेल' आणि त्याचा गुलाम यांची नावे दिली. उभा असलेला जमीनदार आणि पायाशी बसलेला मजूर यांच्यामधील नजर त्या जन्मापासून ओळखतच होत्या. कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर धरून घेतलेल्या दृश्याला त्यांनी नाव दिले 'संघम शॉट', कारण संघमच्या बैठकीत सगळ्या एकाच सतरंजीवर बसतात.

साहित्याच्या आणि चित्रपटाच्या समीक्षेत 'दृष्टिकोन' हा शब्द आपण इतका वापरला आहे की तो गुळगुळीत झाला आहे. या स्त्रियांनी त्याला पुन्हा शब्दशः अर्थ दिला : दृष्टीचा कोन. कोणत्या उंचीवरून आपण माणसाकडे पाहतो, हा त्यांच्या लेखी तंत्राचा प्रश्न आहे आणि त्याच वेळी नीतीचाही. दलितांविषयीचे, आदिवासींविषयीचे, गरिबांविषयीचे आपले कितीतरी लेखन करुणेने ओथंबलेले असते. परंतु करुणाही पुष्कळदा वरूनच खाली पाहते. उलट, आपल्याच समाजातील थोर व्यक्तींची चरित्रे आपण मान वर करून लिहितो. समोरासमोर बसून लिहिलेले लेखन आपल्याकडे किती आहे, याचा हिशेब करून पाहावा.

दुसरा विशेष म्हणजे वेळ. आंध्र प्रदेशातील वरंगल जिल्ह्यात २००२ साली बीटी कापसाची पहिली लागवड झाली, तेव्हा या स्त्रिया कॅमेरा घेऊन तेथे गेल्या. एका दिवसात मुलाखती उरकून त्या परतल्या नाहीत. पेरणीपासून वेचणीपर्यंत त्याच शेतकऱ्यांकडे त्या पुन्हा पुन्हा जात राहिल्या. त्यातून २००३ मध्ये 'वरंगलचे शेतकरी बीटी कापसावर का रागावले आहेत?' अशा अर्थाच्या नावाचा लघुपट तयार झाला. हंगामाच्या आरंभी आशेने बोलणारा शेतकरी आणि हंगामाच्या शेवटी तोच शेतकरी, या दोन मुद्रांमध्ये जे अंतर पडते, ते कोणत्याही निवेदनाने सांगता आले नसते. शेतीत जन्म गेलेल्या बाईलाच हे सुचावे की पिकाची गोष्ट सांगायची तर पिकाइतकाच काळ थांबले पाहिजे.

तिसरा विशेष बोलीचा. जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण येथे आठवते. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, हे मराठीवरील फार मोठे ऋण आहे. पण जमवलेली ओवी आणि गाणारीनेच शेजारणीसाठी प्रक्षेपित केलेले गाणे, यांत फरक राहतोच. संग्रहात ओवी जतन होते; रेडिओवर ती वापरात राहते. संघम रेडिओवरील भाषा पाठ्यपुस्तकातील तेलुगू नसून त्या परिसराची बोली आहे. ती शुद्ध करून घेण्याची गरज तेथे कोणाला वाटली नाही.

५

कौतुक करून थांबणे हे समीक्षकाचे काम नव्हे. संघमच्या कामातही काही उणिवा आम्हांला जाणवल्या आणि त्या सांगणे हाच त्यांचा खरा सन्मान होय.

वरंगलच्या पहिल्या लघुपटाचे नाव प्रश्न विचारते. २००५ मध्ये त्याच विषयावर निघालेल्या पुढील लघुपटाच्या नावात मात्र 'तीन वर्षांची फसवणूक' असा थेट निवाडा आहे. साक्षीदार बोलण्यापूर्वीच न्यायाधीशाने निकाल वाचावा, तसे हे होते. त्या स्त्रियांचे निरीक्षण खोटे होते असे मुळीच नाही. लागवडीस परवानगी मिळालेल्या त्या पहिल्या वाणांना २००५ मध्ये आंध्र प्रदेशात पुढील मंजुरी नाकारण्यात आली, ही वस्तुस्थिती त्यांच्या बाजूने बोलते. परंतु त्यानंतर वर्षागणिक बीटी कापूस पसरत गेला आणि एका दशकात देशातील कापसाखालील नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र त्याने व्यापले, हीही वस्तुस्थितीच आहे. आपल्या विदर्भातही तेच झाले. पुढे गुलाबी बोंडअळीने त्या कापसालाही दाद दिली नाही, हा आणखी पुढचा भाग. तेव्हा प्रश्न उरतो : ज्या शेतकऱ्याने हे बियाणे आपणहून घेतले, त्याच्या मनात काय होते? तोही गरीबच होता. त्याच्याकडे डोळ्यांच्या पातळीवरून पाहिले गेले काय? संघम शॉटचे तत्त्व मान्य केले, तर ज्याचे मत आपल्याला पटत नाही त्याच्यासमोरही कॅमेरा तेवढ्याच उंचीवर धरावा लागेल. चळवळीच्या आवेगात हे निसटते, असे आमचे नम्र मत आहे.

दुसरी मर्यादा कायद्याची आहे. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या स्वतंत्र बातम्या देण्यास आपल्या देशात मनाई आहे. गावातील ओवी प्रक्षेपित करता येते. गावातील रेशनदुकानात काय चालले आहे, याची बातमी देता येत नाही. अशाने समाजाची गोष्ट अर्धीच सांगितली जाते आणि लोकसंस्कृतीचे सुंदर प्रदर्शन तेवढे उरते, हा धोका सगळ्याच केंद्रांना आहे. सातारा जिल्ह्यातील म्हसवडचे माणदेशी केंद्र असो वा नाशिकचे, कुंपण सर्वांना सारखेच.

राहिला प्रश्न मान्यतेचा. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातर्फे दिले जाणारे 'इक्वेटर पारितोषिक' डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीला मिळाले. ते संघम-स्त्रियांच्या शेतीसाठी होते, रेडिओसाठी नव्हे. पण शेती आणि गोष्ट यांची फारकत त्या स्त्रियांनी कधी केलीच नाही. पारितोषिक आले तेव्हा केंद्र सुरू होऊन अकरा वर्षे आणि पहिली कॅसेट भरून वीस वर्षे होऊन गेली होती. पारितोषिक न येते तरी बियाणे पेरले गेले असते आणि संध्याकाळी कोणीतरी माचनूरच्या खोलीत जाऊन बोलायला बसलेच असते. या आत्मनिर्भर स्थितीलाच आम्ही यश म्हणतो.

६

आता घराकडे वळतो. पौरोहित्याच्या आरंभीच्या वर्षांत आम्ही ज्या धर्मग्रामात साहाय्यक म्हणून होतो, तेथे चर्चचा सुवर्णमहोत्सव आला. स्मरणिकेचे संपादन आमच्याकडे होते. चर्चची इमारत उभी राहताना डोक्यावरून रेती आणि दगड वाहिलेली, ऐंशी ओलांडलेली एक आजीबाई गावात होती. तिच्या ओटीवर बसून आम्ही तिचे बोलणे दोन कॅसेटवर टिपून घेतले. ती आपल्या बोलीत बोलली. मजुरी किती मिळे, कोणत्या घरची माणसे पाणी देत आणि कोणत्या घरची देत नसत, हे तिने सांगितले. मंदिर आशीर्वादित झाले त्या दिवशी मोठे जेवण झाले. त्या जेवणाला रेती वाहणाऱ्या बायकांना बोलावणे नव्हते, हेही तिने सांगितले. ती हसत हसतच बोलत होती.

आम्ही ते सारे लिहून काढले आणि 'नीट' केले. बोली काढून टाकून प्रमाण मराठी घातली. पाण्याचा आणि जेवणाचा प्रसंग गाळला. उत्सवाच्या अंकात वितुष्ट नको, असा विचार केला. शेवटी तिच्या तोंडी श्रद्धेविषयीची दोन वाक्ये घातली, जी तिची नव्हती. स्मरणिका देखणी निघाली. मान्यवरांनी तिची प्रशंसा केली. तो लेख विशेष आवडल्याचे आम्हांला अनेकांनी कळवले.

नातवाने तो लेख आजीला वाचून दाखवला. पुढच्या रविवारी मिस्सानंतर ती आमच्यापाशी आली आणि तिने विचारले, "फादर, ती चोपडीतली बाई कोण?" तिच्या स्वरात राग नव्हता. तिला खरोखरच कळले नव्हते. आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. काही दिवसांनी त्या कॅसेट शोधल्या, तेव्हा कळले की गायकमंडळाला नाताळच्या गीतांच्या सरावासाठी कॅसेट हव्या होत्या, म्हणून त्यांवरच ध्वनिमुद्रण झाले होते. कॅसेट सांभाळून ठेवण्याची सूचना आम्हीच कोणाला दिलेली नव्हती. आजी त्यानंतर दोन वर्षांनी वारली.

ज्या काळात माचनूरच्या स्त्रिया परवान्याची वाट पाहत एकेक कॅसेट जपून ठेवीत होत्या, साधारण त्याच काळात आम्ही ही एक कॅसेट पुसू दिली. आमच्या लेखाला मान्यता मिळाली. जिची ती गोष्ट होती तिला मात्र त्यात स्वतःची ओळख पटली नाही. संघमच्या परिभाषेत सांगायचे तर आम्ही कॅमेरा वर धरला होता, आणि त्याला आदर समजत होतो.

आपल्या समाजाची नियतकालिके, स्मरणिका, महोत्सवांच्या चित्रफिती आणि आता हातोहाती फिरणारे मोबाइलवरील लघुपट, हीसुद्धा एक प्रकारची सामुदायिक माध्यमेच आहेत. त्यांवर परवान्याचे बंधन नाही. कोणी दिल्लीहून येऊन ती बंद करणार नाही. साधन आपल्या हाती आहे. पीजच्या गावकऱ्यांना जे मिळाले नाही ते आपल्याला सहज मिळालेले आहे. असे असूनही आपण आपल्याच कोळणीची, शेतमजुराची, परगावी घरकामाला गेलेल्या मुलीची गोष्ट सांगताना ती आधी सुबक करून घेतो. वादाचा भाग वगळतो, बोली झाकतो आणि शेवटी बोध जोडतो. अशा लेखनाला मान्यता लवकर मिळते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

वाचकांपैकी जे लिहितात, संपादन करतात किंवा तरुणांच्या हाती कॅमेरा देतात, त्यांना आमची दोनच कामांची विनंती आहे. घरातील किंवा वाडीतील वृद्धांचे बोलणे त्यांच्याच बोलीत टिपून ठेवावे आणि मूळ ध्वनिमुद्रण कधीही पुसू नये. आणि छापण्यापूर्वी, दाखवण्यापूर्वी, ते ज्याचे आहे त्याला एकदा ऐकवावे. त्याने 'हे माझेच' म्हटले तर पुढे जावे. आम्ही ते केले असते तर लेख छापून येण्याआधीच, आजीच्या ओटीवर, तिचा प्रश्न आमच्या कानी आला असता आणि तो दुरुस्त करायला वेळ मिळाला असता.